वाऱ्याकडे पाठ करून

बदकं मोजायला शिकायचं असेल, तर बदकं मारणाऱ्यांची विद्या आधी समजून घ्या, असं मी पक्षीगणनेला पहिल्यांदा येणाऱ्या मुलामुलींना सांगतो. काहींना ते रुचत नाही. गळ्यात दुर्बीण अडकवून, थंडीत गाडी दामटत पहाटे मुळा-मुठेवरच्या कवडीपर्यंत आलेल्या पोरांना शिकारीचं नाव नकोसं वाटणं साहजिक आहे. पण गेली तीसेक वर्षं पुण्यात आणि आसपास पाणपक्ष्यांच्या नोंदी घेण्याचं काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. काठावर कुठे बसावं, कधी बसावं, वारा कसा बघावा, उडतं बदक पापणी लवायच्या आत कसं ओळखावं, हे सगळं ज्ञान माणसाने बंदुकीमागे आणि जाळ्यामागे बसून पिढ्यान् पिढ्या जमवलेलं आहे. बंदूक कायद्याने गेली, हे उत्तमच झालं. तिच्याबरोबर हे ज्ञानही जाऊ द्यायचं काही कारण नाही.

मला ते मिळालं खडकीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडून. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. दारूगोळा कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, अंगाने काटक, बोलायला कमी. तरुणपणी ते रीतसर परवाना काढून बदकांच्या शिकारीला जात. शनिवारी रात्री दौंडची गाडी धरायची, मधल्या एखाद्या स्टेशनावर उतरायचं आणि अंधारात चालत तळं गाठायचं. माटोबा, शिर्सुफळ ही इंग्रजी अमदानीत शेतीच्या पाण्यासाठी बांधलेली तळी त्यांना पायाखालच्या वाटेसारखी ठाऊक होती. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तेव्हा त्यांनी बंदूक सोडून बरीच वर्षं झाली होती. परवान्याचं नूतनीकरण करायचं त्यांनी एका वर्षी टाळलं आणि पुन्हा कधी केलं नाही. तळ्यांवर पूर्वीसारखे थवे उतरत नाहीत, एवढंच कारण ते सांगत.

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण त्याबद्दल गैरसमज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सगळी शिकार एका फटक्यात बंद झाली, असं बहुतेकांना वाटतं. त्या कायद्यात लहान शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. ती कलमं गेली १९९१ च्या दुरुस्तीने. आज रानबदक मारणं, पकडणं किंवा त्याची अंडी उचलणं हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहायला हवा.

आबांचा पहिला धडा वेळेचा होता. ‘पोरा, बदकं बघायला जाऊ नकोस. बदकं जिथे येणार आहेत तिथे आधी जाऊन बस.’ रानबदकं दिवसा मोकळ्या पाण्यावर विसावतात आणि त्यातली बरीचशी रात्री चरतात. अंधार पडता पडता थवे मोठ्या पाण्यावरून उठतात, उथळ डबकी, पाणथळ शेतं, खाचरं यांच्याकडे जातात आणि उजाडायच्या सुमाराला परततात. या दोन वेळा शिकाऱ्याच्या. मधल्या वेळात तळ्याभोवती फिरणारा माणूस फक्त पक्षी उठवतो. थव्यांच्या येण्याजाण्याच्या वाटाही बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात. नदीचं वळण, दोन टेकड्यांमधली खिंड, झाडांच्या रांगेतली फट अशा खुणांवरून त्या जातात. आबा बंदूक न घेता एक संध्याकाळ नुसते बघायला जात. थवा कुठून उठला, कोणत्या झाडावरून वळला, किती उंचीवर होता, हे मनात ठेवून मग दुसऱ्या दिवशीची जागा ठरवत. काठच्या चिखलातली पिसं, विष्ठा, पायांचे ठसे पाहून रात्री तिथे कोण चरून गेलं हेही ते सांगत.

पुण्यात मुळा-मुठेवर मोजणी करताना या धड्याची किंमत कळते. संगमवाडी, बंडगार्डन, कल्याणीनगरच्या बाजूचं सालिम अलींच्या नावाने ओळखलं जाणारं काठचं रान, मुंढवा, खराडी आणि पुढे कवडी, अशी ही एकच नदी आहे आणि बदकं तिच्यावरून वरखाली करत असतात. कल्याणीनगरला कुणी थवा उठवला तर तोच थवा थोड्या वेळाने मुंढव्याच्या वहीत पुन्हा येतो. म्हणून आम्ही सगळ्या ठिकाणी एकाच वेळी मोजणी सुरू करतो, आणि डोक्यावरून गेलेल्या प्रत्येक थव्याची वेळ, दिशा आणि अंदाजे संख्या लिहितो. संध्याकाळी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की दुबार मोजलेले पक्षी सापडतात. नवख्या मुलांना ही वेळ लिहिण्याची शिस्त कंटाळवाणी वाटते. मी मात्र त्याबाबतीत कुणालाही सवलत देत नाही. वेळ न लिहिलेली नोंद मी बाजूला काढतो.

दुसरा धडा वाऱ्याचा. बदक पाण्यावर उतरतं ते वाऱ्याकडे तोंड करून, आणि उठतंही तसंच. समोरून येणारा वारा पंखांखाली भरला की त्याचा वेग कमी होतो आणि हलकेच टेकता येतं. म्हणून शिकारी वाऱ्याकडे पाठ करून बसतो. थवा समोरून येतो, पंख ताठ करून, पाय पुढे काढून उतरायला लागतो, तेव्हा छाती आणि चेहरा शिकाऱ्याकडे असतो. पुण्यात थंडीतल्या पहाटे वारा बहुधा पडलेला असतो. मग आबा काडेपेटी काढत, काडी विझवून धूर कुठे जातो ते बघत. धुरावरूनही वारा कळला नाही तर पाण्यावरचे पक्षी बघायचे. विसावलेली बदकं वाऱ्याकडे तोंड करून बसतात, सगळा थवा एकाच दिशेला वळलेला दिसतो. वाऱ्याबरोबर ऊनही बघायचं. सकाळचा सूर्य आपल्या मागे असला की पिसांचे रंग स्पष्ट दिसतात. समोर असला की सगळी बदकं काळी, आणि काळ्या बदकांचा आकडा कुणाच्याही कामाचा नाही. वारा आणि ऊन दोन्ही मनासारखे मिळणं क्वचितच घडतं. मोजणीत मी उन्हाला आधी मान देतो. शिकाऱ्यांचा क्रम उलटा असे, कारण त्यांना पक्षी जवळ यायला हवा होता आणि आम्हाला तो नुसता ओळखता यायला हवा असतो.

आडोशाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण इथेच आजच्या हौशी लोकांची सर्वांत जास्त गफलत होते. महागडे ठिपकेदार हिरवे कपडे अंगावर चढवले म्हणजे आपण दिसेनासे झालो, असं त्यांना वाटतं. बदकाला रंग आपल्याहून जास्त दिसतात, पण सगळ्यात आधी त्याला दिसते ती हालचाल. थवा डोक्यावरून फेरी घालत असताना वर केलेला चेहरा हा उघड्या मैदानात झळकवलेल्या आरशासारखा असतो. थवा तिथूनच वळतो. आबा काळ्या जमिनीत गुडघाभर खड्डा खणत, काठावर बाभळीच्या फांद्या आणि पाचट लावत, डोक्यावर मळकं मुंडासं बांधत आणि मान खाली घालून बसत. थव्याचा अंदाज ते पाण्यातल्या प्रतिबिंबावरून आणि पंखांच्या आवाजावरून घेत. वर बघायचं ते शेवटी, एकदाच.

यापेक्षाही मोलाची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की पक्ष्याला माणसाचं भय नसतं, अनोळखी चालीचं भय असतं. कवडीच्या जुन्या बंधाऱ्यापाशी म्हशी पाण्यात उतरतात, बायका कपडे धुतात, भोई होडीतून जाळी लावतात, आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर थापट्या बदकं चोच पाण्यात फिरवत असतात. तिथेच पांढरी टोपी घातलेला माणूस पाण्याकडे सरळ चालत आला की सगळा थवा हवेत. जुन्या शिकाऱ्यांनी हे नेमकं हेरलं होतं. म्हणून ते शिकवलेल्या बैलाच्या आडून, त्याच्या चालीने, तिरपं तिरपं पक्ष्यांच्या जवळ सरकत. देशात अनेक तळ्यांवर पारध्यांची एक जुनी रीत होती. आधी काही दिवस रिकामी मडकी पाण्यावर तरंगत सोडायची. बदकं त्यांना सरावली की एकाने मानेइतक्या पाण्यात उतरायचं, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालायचं आणि हळूहळू थव्यात शिरून पाण्याखालून पाय धरून बदक ओढायचं. अमेरिकेत नेवाडातल्या एका गुहेत १९२४ साली पाणगवताची विणलेली खोटी बदकं सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. बदकाचा विश्वास बसतो तो दुसऱ्या निर्धास्त बदकावर, हे तिथल्या माणसालाही तेव्हापासून कळलं होतं. आबांना खोट्या बदकांची गरज पडत नसे. ते वारकरी पक्ष्यांवर नजर ठेवत. जिथे वारकऱ्यांचा काळा घोळका शांतपणे पाणवनस्पती खात असेल तिथे बदकं निःशंक उतरतात.

मोजणीला मी हेच वापरतो. पाण्याकडे सरळ जायचं नाही. गुराख्याच्या चालीने, इकडेतिकडे बघत, थांबत थांबत जायचं. कुणाच्या रोजच्या वाटेवर बसता आलं तर उत्तम. एकदा बसलो की उठायचं नाही. मुलांना थंडीत बसवत नाही, त्यांना सारखं सरकायचं असतं. पण बसून राहण्याची सवय लागली की पहिल्या अर्ध्या तासात दूर गेलेले पक्षी आपोआप जवळ येतात, आणि मग वही भरू लागते.

या सगळ्या तयारीवर पाणी फिरवणारा एक पक्षी आहे, तो म्हणजे चक्रवाक. नारिंगी अंगाचा, फिकट डोक्याचा, जोडीने राहणारा. रात्री नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालणारी जोडी म्हणून आपल्या काव्यात त्याला मोठा मान आहे. शिकारी मात्र त्याच्या नावाने बोटं मोडत. चक्रवाक फार सावध असतो. माणूस दिसला की तो भोंग्यासारखा ओरडत उठतो आणि त्याच्या आवाजाने सगळं तळं जागं होतं. त्याचं मांसही कुणाला फारसं आवडत नसे, म्हणून शिकाऱ्यांच्या दृष्टीने तो निव्वळ उपद्रव. मला तो पहारेकरी वाटतो. कवडीला चक्रवाकाची जोडी ओरडून उठली की मी आधी काठावर बघतो, कुणी कुत्री आली का, कुणी जाळं घेऊन उतरलं का.

आता नेमाबद्दल. बारा बोअरच्या बंदुकीचा पल्ला बदकासाठी चाळीस गजांचा, म्हणजे साधारण छत्तीस मीटरचा. त्यापुढे छर्रे पांगतात. पक्षी मरत नाही, जखमी होऊन दूर कुठेतरी गवतात पडतो. पल्ला ओळखायची आबांची खूण सोपी होती. पक्ष्याचा डोळा वेगळा दिसला तर तो पल्ल्यात आहे. डोळा दिसत नसेल तर बंदूक खाली. उडत्या पक्ष्याच्या पुढे नेम धरावा लागतो, कारण बदक ताशी साठ-सत्तर किलोमीटरने जात असतं आणि छर्रा पोचेपर्यंत ते पुढे सरकलेलं असतं. नवखा माणूस घाईने थव्याच्या मध्यावर बार काढतो, त्याला वाटतं इतक्यांतलं एखादं तरी पडेल. एकही पडत नाही. थव्यातला एकच पक्षी निवडायचा, त्याच्यावर नजर खिळवायची आणि बाकीचे दिसतच नाहीत असं धरून चालायचं. तिसरा नियम त्यांच्याकडे सगळ्यांत कडक होता. ज्याची ओळख पटली नाही त्याच्यावर घोडा ओढायचा नाही, आणि जो पडला तर उचलून आणता येणार नाही त्याच्यावरही नाही.

पक्ष्याचा डोळा दिसण्याची ती खूण मी दुर्बिणीला लावून घेतली आहे. दुर्बिणीतून पंखावरचा चमकदार पट्टा दिसत नसेल तर जातीचं नाव लिहायचं नाही, ‘अनोळखी बदक’ लिहायचं. मुलांना यात कमीपणा वाटतो. मोठी यादी घेऊन घरी जायची हौस मला कळते. पण चुकीच्या नावाने भरलेली यादी पुढच्या वीस वर्षांचा हिशेब बिघडवते, आणि ‘अनोळखी’ असं लिहिलेली नोंद कधीच कुणाला फसवत नाही. मोठा थवा मोजतानाही थव्याकडे बघायचं नाही. दहा पक्षी मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली ते बघायचं, मग तेवढ्या जागा किती होतात ते मोजायचं. पुन्हा उलट बाजूने मोजायचं. दोन आकड्यांत फार फरक पडला तर तिसऱ्यांदा.

ओळख मात्र पुस्तकातल्या चित्रावरून होत नाही. आबा अंधुक उजेडात, रंग दिसायच्या आधी, नाव सांगत. तलवार बदकाची मान लांब, शेपटी टोकदार, सगळा पक्षी ताणून धरल्यासारखा. थापट्याचं डोकं जड, चोच फावड्यासारखी, उडताना पुढचा भाग लोंबल्यासारखा दिसतो. चक्रांग लहानखुरं, त्याचे थवे दाट आणि एका क्षणात सगळे मिळून वळतात. अडईचे पंख गोलसर, चाल संथ, आणि ती शीळ घालत जाते म्हणून डोळे मिटूनही ओळखता येते. हळदी-कुंकू बदक मोठं, चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी तांबडं. ते हिवाळी पाहुणं नाही, बारा महिने इथलंच. त्यामुळे मे महिन्यात ते दिसलं म्हणून कुणी आश्चर्य करू नये. मी नव्या मुलांना पहिली दोन वर्षं चित्रं बाजूला ठेवून नुसती आकृती आणि पंखांची लय वहीत काढायला लावतो.

हंसांची गोष्ट वेगळी. पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी हंस, पुणे शहरात क्वचितच दिसतो. त्याच्यासाठी भिगवणला, उजनीच्या पाणपसाऱ्यावर जावं लागतं. सालिम अलींनी पक्षी न्याहाळायला सुरुवात केली तेव्हा उजनी नव्हतंच. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला मैलोगणती उथळ पाणी आणि उघडा गाळ तयार झाला. हे हंस तिबेट, मंगोलिया, लडाखच्या बाजूने हिमालय ओलांडून येतात. उपग्रहावरून माग काढलेल्या हंसांची सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरची नोंद आहे. एवढा प्रवास करणारा पक्षी भोळा असेल कसा? ते रात्री आणि पहाटे हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतात चरतात, आणि थवा चरत असताना दोन-चार पक्षी मान उंच करून पहारा देत असतात. पहारेकरी बदलत राहतात, पण पहारा सुटत नाही. हंसाच्या शिकाऱ्याला बदकांच्या शिकारीची कुठलीच घाई परवडत नसे. पाण्यापासून शेतापर्यंतची त्यांची वाट दोन-तीन पहाटे बघायची, तिच्याखाली शेताच्या मध्यावर रात्री खड्डा खणायचा, निघालेली माती लांब नेऊन टाकायची आणि उजाडायच्या आधी आत जाऊन पडायचं. ताजी माती दिसली तरी हंस वाट बदलतात. मी उजनीवर हंस मोजतो तेव्हा शेताच्या बांधाच्या अलीकडे, लांबच थांबतो. पहाऱ्यावरच्या एका हंसाने मान ताठ करून माझ्याकडे बघितलं की समजायचं, इथून पुढे जायचं नाही.

शिकाऱ्यांनी शास्त्राला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पायातली कडी. १९२६ च्या सुमाराला धार संस्थानात, पवारांच्या राज्यात, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पुढाकाराने रानबदकांच्या पायात धातूची कडी घालून सोडायला सुरुवात झाली. कुणाला असा पक्षी मिळाला तर मुंबईला कळवा, असं कड्यावर लिहिलेलं असे. ती कडी परत आली ती बहुतांशी शिकाऱ्यांच्या हातून, त्यातली काही थेट सोव्हिएत मुलखातून. आपल्या तळ्यावरचं बदक उन्हाळ्यात कुठे असतं याचं पहिलं पक्कं उत्तर असं आलं. पुढे १९५९ पासून सोसायटीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घातली, आणि त्या कामात सालिम अली अग्रभागी होते. त्यांची स्वतःची सुरुवातही छर्ऱ्याच्या बंदुकीनेच झाली होती. दख्खनच्या पक्ष्यांवर डेव्हिडसन आणि वेन्डन यांनी १८७८ साली लिहिलेला निबंध आजही पुण्याच्या पक्षीनिरीक्षकांना उघडावा लागतो, आणि त्या काळात पक्ष्याची नोंद म्हणजे मारून हातात घेतलेला पक्षी. लेखक व्यंकटेश माडगूळकरही बंदूक घेऊन रानात शिरले आणि शेवटी वही-पेन्सिल घेऊन रानात राहिले.

मात्र मी शिकारीचं गुणगान करतो आहे असं कुणी समजू नये. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मंडळींनी ४,२७३ पक्षी मारले, आणि तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘त्यात शिकार कुठे आली?’ माझंही तेच म्हणणं आहे. हाकारे पक्षी उठवत आहेत, भरलेल्या बंदुका नोकर हातात देत आहेत, आणि माणूस ठरलेल्या जागी उभा राहून बार काढतो आहे, याला कसलंही ज्ञान लागत नाही. पक्ष्याकडून त्याला काही शिकायचंच नव्हतं.

तसाच प्रकार आज मला कॅमेऱ्याच्या बाबतीत दिसतो, आणि त्याचा राग येतो. उजनीवर सकाळी होडी भाड्याने घ्यायची, नावाड्याला सांगायचं की थव्यात घाल, आणि पक्षी उठले की उडत्या थव्याचे फोटो काढायचे. काही जण वरून ड्रोन सोडतात. रात्रभर चरून आलेला, हजारो किलोमीटरचा प्रवास संपवून अंगात चरबी साठवत असलेला पक्षी पुन्हा पुन्हा उठवला तर त्याचं खाल्लेलं सगळं उडण्यात जातं. आबांनी पल्ल्याबाहेरच्या पक्ष्यावर कधी बार काढला नाही. यांनी तेवढा संयम पाळायला हवा. भिगवणच्या काही नावाड्यांना हे चांगलं कळतं. ते इंजीन लांबच बंद करतात, वल्ह्याने सरकतात, आणि थव्याने माना उंचावल्या की होडी थांबवतात. अशा नावाड्याला दोन पैसे जास्त द्या. घाई करणाऱ्याला थांबवा.

परत कवडीकडे येतो. तिथलं पाणी काळं आहे, बंधाऱ्याखाली फेस असतो, वास असतो. बाहेरून आलेला माणूस विचारतो, एवढ्या घाण पाण्यात एवढी बदकं कशी? सांडपाण्यात सेंद्रिय गाळ असतो, त्यात अळ्या आणि शैवाल माजतं, आणि गाळून खाणाऱ्या थापट्याला ते मानवतं. शेकाट्यांनाही मानवतं. म्हणून कवडीला त्यांचे थवे दिसतात. पण संख्येवर भाळून जाऊ नये. नुसती एकूण बेरीज बघणारा म्हणेल, नदी ठीक आहे. कोणती बदकं आहेत आणि कोणती दिसेनाशी झाली, हे बघितलं की नदीची खरी तब्येत कळते. यासाठीच जुन्या नोंदी लागतात. पर्यावरणतज्ज्ञ प्रकाश गोळ्यांनी या नदीवरच्या पक्ष्यांकडे दीर्घकाळ लक्ष ठेवलं, आणि पुण्याला आपल्या नदीचा थोडाफार भूतकाळ ठाऊक आहे तो अशा माणसांमुळे.

शिकाऱ्याचा आणखी एक धडा मला आज सगळ्यात मोलाचा वाटतो, तो पाण्याच्या खोलीचा. आबा तळ्यावर पोचले की आधी काठाचा उतार बघत. डुबकी न मारता, शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांना वीतभर ते हातभर पाणी लागतं. मान पोचते तेवढंच त्यांचं ताट. लालसरी, शेंडी बदक यांना खोल पाणी चालतं, ती बुडी मारतात. काठ मंद उताराचा असेल, पाणी हळूहळू ओसरत असेल, गाळ उघडा पडत असेल, तर बदकं येणार. काठ उभा असेल आणि पाणी एकाच पातळीला बांधलेलं असेल, तर तळं कितीही सुंदर दिसो, बंदूक घेऊन तिथे बसायचं नाही. हे पन्नासच्या दशकातल्या शिकाऱ्याला कळत होतं. पुणे महानगरपालिकेने मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर काठाच्या विकासाचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्यात काठ बांधून घेणं आहे आणि बंधाऱ्यांनी पाणी भरून ठेवणंही आहे. सांडपाणी शुद्ध व्हायला हवं, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण उथळ काठ आणि उघडा गाळ गेला तर स्वच्छ पाण्यावरही थापट्या, चक्रांग, तलवार बदक उतरणार नाहीत. बंदुकीने तळं रिकामं करायला वर्षानुवर्षं लागत. काठ बुजवला की एका हंगामात ते होतं. नदीचा हा उथळ भाग जिथे जिथे शिल्लक आहे, तिथे तो तसाच ठेवावा, एवढं साधं मागणं आहे.

आणि त्यासाठी आकडे लागतात, दर वर्षीचे, त्याच जागेचे. आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे १९८७ पासून दर जानेवारीत होते. जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा तिच्यासाठी राखलेला असतो. तुमच्या घराजवळ नदीचं वळण असेल, पाषाणसारखं तळं असेल, गावाकडे पाझर तलाव असेल, तर एक जागा निवडा आणि दर वर्षी तिथेच जा. उजाडायच्या आधी पोचा. ऊन पाठीशी घ्या, वारा कुठून येतो ते लिहा, पाणी काठापासून किती खाली आहे ते लिहा, वेळ लिहा. ओळखलं नाही ते अनोळखी म्हणून लिहा. एकही बदक आलं नाही, तर शून्य लिहा आणि तीही नोंद पाठवा.